दारू सुटून चार महिने झाले, मग झोप का येत नाही?

प्रश्न डिचोली तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: “माझे मिस्टर ४४ वर्षांचे. खाणीवर स्वतःचा ट्रक होता. खाणी बंद पडल्यावर पिणं वाढलं, शेवटी सकाळीही लागायची. नोव्हेंबरात ॲडमिट केलं, तेव्हापासून एक थेंब नाही. पण रात्री दोनला जागे होतात, दिवसभर चिडचिड, कशात रस नाही, पायांना मुंग्या येतात. डॉक्टर म्हणाले मेंदूचा आजार आहे. सासरे म्हणतात मेंदूबिंदू काही नाही, जिद्द नाही. खरं कोणाचं? घरच्यांनी काय करायचं? मुलगा १६ वर्षांचा आहे, त्यालाही हे लागेल का? माझं म्हणाल तर बाईकचा आवाज आला की अजून पोटात गोळा येतो.”

ताई, आधी घरातला वाद मिटवू. तुमचे डॉक्टर आणि तुमचे सासरे, दोघेही थोडं थोडं खरं बोलतायत. घोटाळा असा की ‘मेंदूचा आजार’ ऐकलं की पेशंट म्हणतो, मग माझ्या हातात काय उरलं? आणि ‘जिद्द नाही’ हे रोज ऐकलं की तोच पेशंट म्हणतो, मी असाच, सोडा माझा नाद. दोन्ही वाटा फिरून एकाच बारच्या दारात जातात. मी गेली २४ वर्षं गोव्यात व्यसनाचे पेशंट बघतोय. माझं मत विचाराल तर पहिलं वर्षभर घरात जिद्दीचं नाव काढू नये. जिद्द जिथे तयार होते तो कारखानाच दुरुस्तीला गेलेला असतो. या काळात लक्ष द्यायचं ते झोपेवर, ताटावर, पायांच्या मुंग्यांवर, आणि संध्याकाळी साडेसहाला ते कुठल्या रस्त्याने घरी येतात यावर. हे किरकोळ वाटेल, पण मी ज्यांना टिकलेले पाहिलंय त्यांतले बहुतेक याच किरकोळ गोष्टींवर टिकले.

तुमचे मिस्टर ट्रकवाले, म्हणून ट्रकचंच उदाहरण घेतो. मेंदूत एक ब्रेक आहे आणि एक ॲक्सिलरेटर. ब्रेकचं काम करणाऱ्या रसायनाचं नाव गाबा, ॲक्सिलरेटरचं ग्लुटामेट. दारू ब्रेक दाबते आणि ॲक्सिलरेटर ढिला करते, म्हणून दोन पेगनंतर माणूस सैल होतो. पण वर्षानुवर्षं कोणी बाहेरून ब्रेक दाबून ठेवला तर गाडी पुढे जायची कशी? मग मेंदू स्वतःचा ब्रेक कमी करतो आणि ॲक्सिलरेटर जास्त दाबून धरतो. या सेटिंगवर गाडी फक्त दारू असतानाच सरळ चालते. एके दिवशी दारू काढून घेतली की ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर फुल, आणि समोर चोर्ला घाटाचा उतार. हात थरथरणं, घाम, धडधड हे साधारण ६ ते १२ तासांत सुरू होतं. फिट यायची असेल तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, वारलेला भाऊ दारात उभा दिसतो, माणूस खाटेवरून उठून पळतो. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो.

तुमच्या घरी हा टप्पा हॉस्पिटलात पार पडला. तरी लिहितोय, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या एखादीच्या घरी तो व्हायचा असेल. आपल्याकडे दारू सोडायचे मुहूर्त ठरलेले आहेत. श्रावण लागला, चवथ म्हणजे गणेशचतुर्थी जवळ आली, शिरगावच्या लईराईच्या जत्रेचं व्रत आलं, की रोज बाटली संपवणाराही एका दिवसात बंद करतो. श्रद्धेबद्दल माझी तक्रार नाही, थोडं पिणाऱ्याला अशा व्रताचा फायदाच होतो. पण सकाळी हात थरथरतो म्हणून घोट घेणाऱ्याने घरच्या घरी अचानक बंद करायचं नाही. त्याला आठवडाभर औषधाच्या आधाराने पायरी पायरीने उतरवावं लागतं. श्रावणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊन आणलेले पेशंट मी दर पावसाळ्यात बघतो. आणि सोडणं-धरणं वारंवार झालं तर प्रत्येक वेळचा उतार आधीच्यापेक्षा वाईट होत जातो. ‘मी दरवर्षी श्रावण पाळतो, म्हणजे मी बेबदो (दारुडा) नव्हे’ असं मला मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं. मी मान डोलावतो आणि श्रावणातले पहिले चार दिवस कसे गेले ते विचारतो.

आता चार महिन्यांनंतरचं. ‘कशात रस नाही’ या तुमच्या वाक्यावर जरा थांबू.

पेपरात डोपामिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात, मला ते पटत नाही. ‘याच्या मागे लाग’ असं सांगणारं ते रसायन आहे. १९९० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांना फळांचा रस दिला आणि मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी कधी जाग्या होतात ते मोजलं. सुरुवातीला त्या रस मिळाल्यावर जाग्या व्हायच्या. नंतर रसाच्या आधी दिवा लावायची सवय केली, तशा त्या दिवा दिसल्यावरच जाग्या होऊ लागल्या, प्रत्यक्ष रस आला तेव्हा गप्प. आता दिव्याच्या जागी ग्लासात पडणारा बर्फ ठेवा, सहाचा भोंगा ठेवा, ठरावीक मित्राचा मिस्ड कॉल ठेवा. पिण्याच्या कितीतरी आधी शरीर निघालेलं असतं. ‘मी आत कसा शिरलो मला कळलंच नाही’ असं पेशंट सांगतो तेव्हा घरचे त्याला खोटारडा म्हणतात. तो बऱ्याचदा खरं सांगत असतो.

इतकी वर्षं या यंत्रणेवर दारूचा मारा झाला की मेंदू तिचा आवाज कमी करून ठेवतो, डोपामिन पकडणाऱ्या जागाच कमी होतात. मग दारू गेल्यावर साध्या सुखांचा आवाज ऐकूच येत नाही. बांगड्याचं हुमण समोर येतं, मुलाला चांगले मार्क पडतात, पहिला पाऊस पडतो, आणि माणूस भिंतीकडे बघत बसतो. तुम्हाला वाटतं, एवढं करून यांना काहीच वाटत नाही? त्यांना खरंच फारसं वाटत नसतं, आणि त्याची त्यांना स्वतःला लाज वाटत असते. हे भरून येतं. दारूने आक्रसलेला मेंदू पहिल्या काही आठवड्यांत वेगाने सावरतो, पुढची दुरुस्ती महिनोन्‌महिने चालते. सगळं सगळ्यांचं पूर्ववत होतं असं मी सांगणार नाही. पण चौथा महिना म्हणजे अर्धाही रस्ता झालेला नाही.

कपाळामागच्या भागाचंही तसंच. आत्ता नको, उद्याचं बघ, बायकोला काय वाटेल, हा हिशेब तिथे होतो. सासरे ज्याला जिद्द म्हणतात ती तिथली. नेमका तोच भाग दारूने जास्त दुखावतो, आणि झोप कमी झाली, पोट रिकामं असलं, राग आला की सर्वांत आधी तोच थकतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेची मंडळी म्हणूनच भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टींवर नजर ठेवायला सांगतात. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या मंडळींकडे मेंदूचे फोटो नव्हते, अनुभव होता, आणि तो बरोबर निघाला.

पायांच्या मुंग्यांकडे तुम्ही ओझरता उल्लेख करून पुढे गेलात, मला तीच ओळ जास्त महत्त्वाची वाटली. थायामिन, म्हणजे बी १ जीवनसत्त्व, शरीरात साठतं जेमतेम ३० मिलिग्रॅम, दोन-तीन आठवडे पुरेल एवढंच. दारू पिणारा जेवत नाही, आणि जेवला तरी दारूमुळे आतडं ते नीट शोषत नाही. नसांना आणि मेंदूला साखरेपासून ऊर्जा काढायला हेच लागतं. ते संपलं की पायांच्या नसा आधी बोलतात. मुंग्या, जळजळ, चप्पल पायातून सुटली तरी न कळणं. टोकाला गेलं की चाल अडखळते, डोळे नीट फिरत नाहीत, माणूस गोंधळतो. जर्मन डॉक्टर वेर्निके यांनी १८८१ मध्ये याचं वर्णन केलं. त्या वेळी पटकन थायामिनची इंजेक्शनं मिळाली नाहीत तर नवीन आठवणी साठवण्याची शक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून पिणाऱ्या माणसाला अशक्तपणासाठी ग्लुकोजची सलाईन लावताना थायामिन आधी किंवा सोबत द्यायचं असतं. गावात ‘एक सलाईन लावा डॉक्टर, तरतरी येईल’ असा आग्रह घरचेच धरतात. तुम्ही धरू नका, आणि तो पितो हे डॉक्टरांपासून लपवू नका.

आता थोडं विषयांतर. आपला उकडा तांदूळ या बाबतीत फार शहाणा आहे. भात टरफलासकट उकडतात तेव्हा कोंड्यातलं थायामिन दाण्याच्या आत मुरतं, मग सडला तरी बरंचसं टिकतं. पांढराशुभ्र पॉलिशचा तांदूळ खाणाऱ्यांत बेरीबेरी हा थायामिन कमी पडल्याने होणारा आजार व्हायचा, उकडा खाणाऱ्यांत तो क्वचित दिसायचा. थायामिन पाण्यात विरघळतं, म्हणून निवळ ओतून टाकण्यापेक्षा अकराची पेज प्यायलेली बरी. पेज, कुळथाची पिठी, नाचणीचं तिझान, मूग, शेंगदाणे, हे त्यांच्या दिवसात ठरल्या वेळी आलं पाहिजे. पण गैरसमज नको, चार महिन्यांनंतरही मुंग्या असतील तर नुसत्या पेजेवर भागणार नाही. गोळ्या लागतील, कदाचित इंजेक्शनं. बी १२ आणि रक्तातली साखरही तपासायची, कारण त्या दोन्हींमुळेही पाय असेच बोलतात. आणि ते हल्ली सारखं गोड खात असतील तर लगेच ओरडू नका. दारू सुटलेल्यांना गोड हवंसं वाटतं. साखरेचा रिपोर्ट चांगला असेल तर काही महिने चालेल.

झोप. दारू झोप आणते पण मोडतेही. स्वप्नांची झोप दाबून टाकते आणि मध्यरात्री उतरली की डोळे टक्क उघडतात. सोडल्यावर हे उलटं व्हावं असं वाटतं, पण झोपेची घडी बसायला काही महिने लागतात, काहींना वर्षही. आणि झोप न येणं हे पुन्हा पिण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. ‘एकच घेतो, झोपेपुरती.’

यावर माझा पहिला सल्ला गोव्यात कुणालाच आवडत नाही. दुपारची झोप बंद. एक ते चार दुकानं बंद ठेवणाऱ्या प्रांतात हे सांगणं म्हणजे धर्म बुडवल्यासारखं. पण काम नसलेला माणूस जेवून दोनला आडवा होतो, साडेचारला उठतो, आणि मग रात्री झोप लागत नाही म्हणून गोळी मागतो. अगदीच राहवत नसेल तर २० मिनिटं, तीनच्या आत, गजर लावून. रात्री कितीही वाजता झोप लागो, सकाळी उठायची वेळ एकच, समजा सहा. उठल्यावर अर्धा तास बाहेर उजेडात चालणं, हवं तर पोदेराकडून पाव आणायला पाठवा. चहा तीननंतर नाही. अंथरुणात वीस मिनिटं जाग आली तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, मोबाईल न घेता. दोन-तीन आठवडे त्रास होईल, मग घडी बसू लागेल. एवढ्यावर मी कितीतरी जणांच्या झोपेच्या गोळ्या वाचवल्यात.

गोळ्यांबद्दल ताकीद. अल्प्राझोलमसारख्या गोळ्या मेंदूतल्या त्याच गाबाच्या ब्रेकवर बसतात. कुणीतरी ‘माझ्याकडे आहे, अर्धी घे’ म्हणून देतं, आणि सहा महिन्यांनी माणूस दारूऐवजी गोळीत अडकलेला असतो. घरात अशा गोळ्या असतील तर मला सांगा. आणि आधीपासून चालू असतील तर स्वतःहून एकदम बंद करू नका, त्याही फिट आणतात.

चार महिन्यांनंतरही रस नाही, झोप नाही, चिडचिड आहे, म्हटल्यावर मी आणखी एक शंका घेतो. दारू सोडल्यानंतरची उदासी बहुतेकांची दोन ते चार आठवड्यांत बरीच उतरते, म्हणून आम्ही पहिल्या महिन्यात घाईने डिप्रेशनची औषधं सुरू करत नाही. पण इतके दिवस टिकून आहे तर ते स्वतंत्र डिप्रेशन असू शकतं, आणि त्याला स्वतंत्र उपचार लागतात. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यातले कितीतरी ट्रकवाले मी बघितलेत, हप्ते चालू आणि ट्रक अंगणात उभा. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना नीट विचारलं तर कळतं की झोप आणि भूक आधी गेली, दारू नंतर वाढली. तुमच्या मिस्टरांना हाच क्रम विचारा, वाद घालायला नको, नुसतं ऐका. थायरॉइड, हिमोग्लोबिन, यकृताच्या तपासण्याही करून घ्या. थायरॉइड मंद असलं तर माणूस हुबेहूब उदास दिसतो, आणि त्याला महिनोन्‌महिने उपदेश पाजला जातो. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी नशा किंवा ओढ नसते, गुण यायला मात्र काही आठवडे लागतात. मरणाची भाषा, सामान वाटून टाकणं, निरोपाचं बोलणं असं काही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी लाईन रात्रीही चालते, आणि बांबोळीला मनोविकार संस्था आहे, तिथे सरळ घेऊन जा.

आता सासऱ्यांच्या बाजूने. व्यसन फक्त मेंदूत असतं तर जागा बदलून काहीच फरक पडला नसता. व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांत सुमारे पाचवा हिस्सा हेरॉइनसारख्या पदार्थांच्या आहारी गेलेला होता. ते देशात परतल्यावर लोंढा येणार अशी सरकारला धास्ती होती. ली रॉबिन्स या बाईंनी त्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा त्या आहारी गेलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा अडकलेले निघाले फक्त ५ टक्के. युद्ध नाही, ते मित्र नाहीत, ती गल्ली नाही. तुमची अडचण अशी की तुमच्या मिस्टरांचं युद्ध आणि घर एकाच वाड्यावर आहे.

आणि तारीख बघा. मार्च. काजूचे बोंडू पिकलेत, दारूच्या भाट्या पेटल्यात, उर्राक म्हणजे काजूची पहिली दारू आलीय, वर शिगमा. त्या बोंडवांच्या वासाने शुल्ट्झच्या माकडासारखं सगळं जागं होतं. जुनी शिकवण मेंदू पुसत नाही, तिच्यावर फक्त नवी शिकवण चढवता येते, आणि वास हा जुनी वर काढण्यात पटाईत. पहिला हंगाम टाळता आला तर टाळा. शक्य असेल तर एप्रिलभर बहिणीकडे, दुसऱ्या तालुक्यात, जिथे घरामागे भाटी नाही. शिगम्याला जायचंच असेल तर ढोल वाजवायला उभे करा, प्रेक्षकांत नको. हातात काम असलेला माणूस रोंबटात, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीत, टिकतो, कडेला उभा असलेल्याला कुणीतरी ‘ये रे, एक’ म्हणतोच. ओढ आली की ती १५ ते ३० मिनिटांत शिखर गाठून उतरते, हे त्यांना सांगून ठेवा. त्या वेळात थंड पाण्याने आंघोळ, कुणाला तरी फोन, काहीतरी पोटभर खाणं. घरात बाटली असेल तर हे सगळं फोल, पाहुण्यांसाठी ठेवलेलीही काढा. सासऱ्यांची असेल तर तीही, आणि हे त्यांना तुम्ही न सांगता मी सांगेन.

औषधांत नाल्ट्रेक्सोन ओढ आणि ‘चढण्यातली’ मजा कमी करतं, ॲकाम्प्रोसेट त्या ॲक्सिलरेटरला शांत करायला मदत करतं. यकृत, किडनी आणि बाकीच्या गोळ्या बघून ठरवावं लागतं, म्हणून इथे डोस लिहीत नाही. डायसल्फिरामबद्दल मात्र स्पष्ट लिहितो, कारण दर महिन्याला कुणी ना कुणी बाई हळू आवाजात विचारते: ‘डॉक्टर, चहातून देऊ?’ नाही. हे औषध दारूचं विघटन मधेच अडवतं, विषारी ॲसिटाल्डिहाइड साठतं, आणि माहीत नसताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. ज्याला माहीत आहे आणि जो स्वतः हात पुढे करून गोळी घेतो, त्याच्यासाठीच ते आहे. ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींतल्या पुडीत काय असतं ते विकणाराही सांगत नाही.

बोलण्याचा उपचार कमी लेखू नका. पर्वरीच्या संगात संस्थेने गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रयोग केला. डॉक्टर नसलेले, प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक, जास्तीत जास्त चार बैठका. २०१७ साली तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तीन महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पिण्यातून बाहेर होते, न मिळालेल्यांत २६ टक्के. लोक हा आकडा सांगून म्हणतात, मग औषधं कशाला? कारण त्या प्रयोगात घातक प्रमाणात पिणारे होते, सकाळी हात थरथरणारे, दारूवर पूर्ण अवलंबून असलेले वगळले होते. तुमच्या घरी दोन्ही लागेल.

घरातलं बोलणं हाही शरीरावर होणारा परिणामच आहे. आपला आबे फारिया आठवा, संमोहनासाठी गाजलेला गोव्याचा पाद्री, १७५६ साली कांदोळीत जन्मलेला, पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी ज्याचा हात पुढे केलेला पुतळा आहे तो. लिस्बनला राणीसमोर प्रवचनाला उभा राहिल्यावर त्याची वाचा बसली, आणि खालून बापाने कोंकणीत म्हटलं, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’, आणि त्याचा गळा मोकळा झाला, अशी दंतकथा आहे. पुढे पॅरिसमध्ये संमोहन शिकवताना त्याने ठासून सांगितलं की संमोहकाच्या हातातून काही वाहत नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. कथा खरी-खोटी देव जाणे. पण घरातल्या एका वाक्याने घसा मोकळा होतो किंवा मूठ आवळते हे मी रोज बघतो. लंडनच्या जॉर्ज ब्राउन यांनी स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांत दाखवलं की टोचून बोलणाऱ्या घरात आजार लवकर उलटतो. दारूच्या बाबतीतही पुढे तसंच दिसलं. म्हणून एकच नियम करा. रोज संध्याकाळी तोंडाचा वास घेणं बंद. त्याऐवजी गोळी रोज ठरल्या वेळी तुमच्यासमोर घ्यायची, एवढा एक करार. विचारपूस संपली, बाकी संध्याकाळ मोकळी. आणि एखाद्या दिवशी पाय घसरलाच तर चार महिने वाया गेले असं म्हणू नका. दुसऱ्या सकाळी मला फोन करा.

मुलाचं. दारूच्या आजारात सुमारे निम्मा वाटा आनुवंशिकतेचा धरतात. म्हणजे त्याच्यावर धोका जास्त आहे, शिक्का नाही. त्याला एक गोष्ट सरळ सांगा, मी माझ्या पुतण्यांनाही सांगितलीय: मित्रांत ‘याला चढतच नाही’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, तोच जास्त धोक्यात असतो. ज्याला लवकर गरगरतं तो थांबतो. आणि पहिला घोट जितका उशिरा तितकं बरं. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत १५ च्या आत सुरू केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पुढे दारूवर अवलंबून झाले, २१ च्या पुढे सुरू केलेल्यांपैकी सुमारे १० टक्के. आपल्याकडे लग्नात बारा वर्षांच्या पोराला ‘चाटव रे थोडी’ करणारे काका असतात, त्यांना आवरा.

आणि बाईकच्या आवाजाने पोटात येणारा गोळा. दहा वर्षं तुमचं शरीर त्या आवाजावरून रात्र कशी जाणार ते ओळखत आलंय. ते चार महिन्यांत विसरणार नाही, जसं त्यांचं बोंडवांचा वास विसरणार नाही. तुम्ही कमजोर आहात किंवा तुमचा त्यांच्यावर विश्वास नाही, असा याचा अर्थ काढू नका. तुमचीही झोप मोडलेली असणार, बहुतेक बीपीही वाढलेलं. व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉनच्या बैठका असतात, तिथे एकदा जाऊन बसा, बोललं नाही तरी चालतं. नवरा-बायकोतलं जवळचं नातं थंडावलं असेल तर तेही सांगायला लाजू नका. दारूने पुरुषांची हार्मोन्स आणि नसा दोन्ही बिघडतात, ते हळूहळू सुधारतं. पण दोघंही गप्प राहिले की दोघंही स्वतःला दोष देत बसतात.

त्यांना माझ्याकडे घेऊन याल तेव्हा तुम्हीही आत या, बाहेर बाकावर बसू नका. येताना नोव्हेंबरातलं डिस्चार्ज कार्ड, घरात असतील-नसतील त्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत, आणि एका वहीत दोन आठवड्यांचं टिपण: किती वाजता झोपले, किती वाजता उठले, दुपारी झोपले का, अकराला पेज प्यायले का. आणि स्वतःचा बीपी तपासून त्याचा आकडा त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहा.